सख्खानच्या निषेधाचा ठराव

"सख्खान बंद करो! ओ भाई लोग, सख्खान बंद करो! सब का सब बंद! यल्ला!"

शुक्रवारची दुपार होती, बाहेर शारजा बुडत होतं, आणि आमच्या इमारतीचा वॉचमन जिन्याच्या तळाशी उभा राहून वर तोंड करून ओरडत होता. पेशावरकडचा पठाण. आवाज असा, की तो खाली नुसता खोकला तरी चौथ्या मजल्यावर आमच्या कपाटातल्या कपबशा एकमेकींचा हात धरायच्या. एकदा त्याने खालून "दूध आया" अशी हाक दिली, तर पलीकडे अजमानमधल्या बायका पातेली घेऊन दारात आल्या, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण इतकी वर्षं म्हणतोय, की आता ते खरं धरायला हरकत नाही.

तर त्याचा शब्दन् शब्द आम्हाला ऐकू येत होता. अडचण ऐकू येण्याची नव्हतीच. कळण्याची होती.

सख्खान म्हणजे अरबीत गिझर. बाथरूममधली ती पाणी तापवायची टाकी. तुम्हाला हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा तमाशा तुम्हाला शहाण्यासारखा गॅलरीत बसून बघता येईल. आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इमारतीतली आम्ही मराठी मंडळी नुकतीच आखातात आलेली. आमचं अरबी 'यल्ला, खलास, इन्शाल्ला' एवढ्यावर येऊन खलास व्हायचं. गिझरला आम्ही गिझरच म्हणत होतो. आणि त्यात त्या शब्दाच्या शेवटी खान! मराठी कानाला शेवटी खान ऐकू आलं, की पुढचे हातपाय, मिशा आणि पासपोर्ट त्याला आपोआप फुटतात. भरीस भर म्हणजे त्याच आठवड्यात इमारतीत दारांसमोरच्या चपला चोरीला गेल्या होत्या.

"अहो," माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वॉचमन कुणाला तरी बंद करा म्हणतोय."

"सख्खानला," मी म्हणालो. "चपलाचोर असणार. सापडला वाटतं."

"सापडला असता तर इतका बोंबलला असता का?" सासूबाई म्हणाल्या. "सुटलाय मेला. आधी दार लावा."

सासूबाई सांगलीहून मुद्दाम आल्या होत्या. आमच्या पहिल्या मुलाचं बोरन्हाण होतं. त्यासाठी त्यांनी व्हिजिट व्हिसावर दागिने आणले होते. सोन्याचे नव्हे, हलव्याचे. विमानतळावर कस्टमच्या माणसाने तो साखरेचा मुकुट, बाजूबंद आणि बासरी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, हे काय आहे. सासूबाईंनी त्याला बाजूबंदातला एक दाणा काढून खायला दिला. तो माणूस पुढे रांगेतल्या कुणाचीच बॅग उघडेना म्हणे. नुसता डोळे मिटून उभा.

बोरांची चिंता होती. शारजात बोरं कुठून आणायची? ती आणली वॉचमनने. धैदकडे त्याच्या कुणा गाववाल्याकडे मळा होता, तिथून पिशवी भरून बोरं घेऊन आला आणि म्हणाला, "बच्चे के लिए है, पैसा नहीं. बस एक काम करो. लाइट नहीं जाना चाहिए. लाइट गया तो हमारा कॅन्सल है."

हे कॅन्सल समजून घ्या. आखातात माणूस आजारी पडेल, नापास होईल, बायकोशी भांडेल; त्यातून वर येता येतं. कॅन्सल झाला की संपलं. व्हिसावर शिक्का, हातात बॅग, आणि विमानतळ. आधीच्या हिवाळ्यात इमारतीची लाइट गेली होती तेव्हा आमचा घरमालक, सगळे त्याला अरबाब म्हणायचे, खाली येऊन बोट वर करून बोलला होता : पुढच्या थंडीत पुन्हा लाइट गेली तर वॉचमन कॅन्सल. दोष कुणाचाही असो, इमारत त्याने सांभाळायची. पठाणाचं गावाकडे घर बांधून होत आलेलं. भिंती झालेल्या, दारं बसलेली, छप्पर तेवढं बाकी. "छत के बिना घर में बर्फ अंदर आता है," तो आम्हाला नोव्हेंबरपासून प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगत होता. आम्हीही माना डोलवत होतो. मराठी माणूस मान फार चांगली डोलवतो.

आणि मग तो शुक्रवार उगवला. वाळवंटात थंडी पडत नाही असं ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याला त्या दिवशी आमच्या गच्चीवर बनियनवर उभा करायला हवा होता. वारा असा, की धैदच्या उंटांनी मालकांकडे गोधड्या मागितल्या. सासूबाईंनी बशीत ओतलेला चहा त्यांना चमच्याने खरवडून खावा लागला. दुपारी गारा पडल्या. शेजारी सांगतात सुपारीएवढ्या. मी ज्या बाजूच्या खिडकीत उभा होतो तिथे नारळाएवढ्या पडत होत्या. आणि पाऊस! शारजात पाऊस म्हणजे न सांगता आलेला पाहुणा. त्याला जायची वाट कुणी बांधलेलीच नाही, आला की राहतोच. आमच्या समोरच्या रस्त्याची खाडी झाली. एका फर्निचरच्या दुकानातून सुटलेला तीन माणसांचा सोफा खिडकीखालून तरंगत गेला, त्यावर एक मांजर ऐसपैस बसलेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भाडं ठरवून निघाल्यासारखं समाधान.

आता तिथल्या पाण्याची तऱ्हा अशी, की उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी उन्हाने उकळायची. मग आम्ही गिझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचो. गरम नळाला गार आणि गार नळाला गरम! सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जावईबापूंना तिकडचं ऊन लागलंय." सगळं वर्ष गिझर असे नुसते टांगलेले. पण त्या दिवशी सगळ्या बायकांना संध्याकाळच्या बोरन्हाणासाठी न्हायचं होतं. केसांवरून. काळ्या साड्या इस्त्री करायच्या होत्या, कारण वाळत घातलेलं सगळं पावसाने परत धुतलं होतं. गुळपोळ्यांसाठी घरोघरी विजेच्या शेगड्यांवर तवे तापलेले. थोडक्यात, इमारतीतला एकूणएक गिझर पेटला, आणि खाली मेन बोर्ड आग्यामोहोळासारखा गुणगुणायला लागला. पठाणाने ते ऐकलं, छप्पर डोळ्यांसमोर आलं, आणि तो जिन्यात येऊन ओरडला. ओरडायचं ते गिझर म्हणून ओरडायचं ना! पण अरबाबच्या हाताखाली राहून त्याला अरबीची मिजास चढली होती. साधा स्क्रू मागताना तो असा चेहरा करायचा, की आपण सुलतानाशी बोलतोय.

आमचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरचे कंत्राटदार. अल नहदाला बिल्डिंगा उभ्या करायचे, आणि त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं.

"ऐकलंत का? सख्खान!"

"ऐकलं."

"दार लावा. आणि घरातले सगळे दिवे लावा. चोर उजेडाला भितो. टीव्ही मोठा करा, म्हणजे घरात पुरुष माणसं आहेत असं वाटेल."

"मी आहे ना घरात!"

"तरी लावा," ते म्हणाले.

मी लावले. सगळ्यांनी लावले. कंत्राटदारांनी सगळ्या मराठी घरांत फोन फिरवला, तिथून तो गुजराती घरांत गेला, तिथून मल्याळी घरांत. ज्यांनी आयुष्यात कधी गॅलरीतला दिवा लावला नव्हता त्यांनी लावला. सासूबाईंच्या पायाशी रोला भागातून आणलेला तीन दांड्यांचा हीटर होता, त्याची तिसरी दांडीही चालू केली, कारण भीतीने त्यांना जास्त थंडी वाजायला लागली. भर पावसात आमची इमारत अशी झगमगली, की खोल समुद्रातल्या जहाजांनी बंदर आलं समजून वेग कमी केला.

खाली पठाणाने वर बघितलं. त्याने ओरडून बंद करायला सांगितलं होतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळं चालू होत होतं. मग तो जे ओरडला त्यात अरबी नव्हतं, पश्तो होतं, आणि ते मात्र सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात फाट्!

खालून निळा उजेड आला, जळक्या रबराचा वास आला, आणि अंधार. टीव्ही बंद, हीटर बंद. मांडीवरचं बाळ तेवढं चालू झालं.

पुढच्या काही मिनिटांत अख्खी मराठी इमारत आमच्या हॉलमध्ये. एक तर बोरन्हाण आमच्याकडे होतं, आणि दुसरं, चोर सुटलेला असताना एकटं राहायला कुणी तयार नव्हतं. बाहेर ढगांमुळे चारलाच संध्याकाळ झालेली. वाढदिवसाच्या केकवरच्या उरलेल्या मेणबत्त्या लावून आम्ही बसलो. पोरं खूष. "वॉव, नो लाइट्स!" करत हॉलभर पळत होती. मध्ये पाटावर काळ्या झबल्यातलं माझं पोर, डोक्यावर साखरेचा मुकुट, आणि तो मुकुट चाटायची त्याची धडपड.

आता तीन मराठी माणसं अंधारात एकत्र आली की चौथ्याची वाट न बघता सभा भरते. कंत्राटदार म्हणाले, "आता अरबाब येईल. विचारेल, दोष कुणाचा. आपलं एकमत पाहिजे."

"आधी अध्यक्ष ठरवा," बँकेत नोकरी करणारे आमचे शेजारी म्हणाले. ते कुठल्याही गोष्टीत आधी अध्यक्ष ठरवत. त्यांच्या घरी भाजी निवडायलासुद्धा अध्यक्ष असावा.

अध्यक्षपदावर जेवढा वेळ गेला तेवढ्यात दुसरी कुठलीही जमात एक नवीन इमारत बांधून तिथे राहायला गेली असती. शेवटी कंत्राटदार अध्यक्ष, बँकवाले सचिव, आणि मी खजिनदार. खजिना नव्हता, पण खजिनदाराशिवाय समिती विधवा दिसते.

"मुद्दा एक," अध्यक्ष म्हणाले. "लाइट कुणी घालवली?"

"सख्खानने," सगळे एका सुरात.

"म्हणजे काय केलं त्याने?"

"मेन स्विच काढला असणार," बँकवाले म्हणाले. "अंधार करायचा आणि चपला उचलायच्या. जुनी पद्धत आहे."

"मग वॉचमनला त्याचं नाव कसं माहीत?" कंत्राटदारांच्या बायकोने विचारलं. नाव माहीत होतं, म्हणजे ओळख होती. ओळख होती, म्हणजे त्यानेच आत घेतला होता. म्हणजे गाववाला. बघता बघता सख्खानला खालच्या खोलीत ठेवून घेतल्याचं, त्याला रात्री रोटी दिल्याचं आणि त्याच्या पायात कंत्राटदारांच्या नव्या सँडल असल्याचं सगळ्यांना स्पष्ट दिसायला लागलं. एका बाईंनी तर त्याला पाहिलाच होता. उंच, आणि डाव्या पायाने किंचित लंगडा.

"अहो, पण तो बिचारा कॅन्सल होईल," माझी बायको म्हणाली. "त्याने बाळासाठी बोरं आणली."

"वहिनी, बोरं एकीकडे, न्याय एकीकडे," सचिव म्हणाले, आणि मेणबत्ती जवळ ओढून ठराव लिहायला बसले. 'ही सभा सख्खान या इसमाच्या कृत्याचा तीव्र निषेध करते, आणि त्यास इमारतीत थारा देणाऱ्या वॉचमनविषयी नापसंती व्यक्त करते.'

"तीव्र नको," अध्यक्ष म्हणाले. "जाहीर म्हणा."

"जाहीर म्हटलं की तीव्रपणा जातो."

"मग जाहीर आणि तीव्र."

"तीव्र आणि जाहीर," मी दुरुस्ती सुचवली. खजिनदारालाही काही काम हवं. ती मताला टाकली, आणि एका मताने पडली.

खाली मोठी जीप पाणी कापत आली. अरबाब उतरला. वयस्कर, बारीक दाढी, एका हाताने पांढरा पायघोळ कंदुरा गुडघ्यापर्यंत उचललेला, दुसऱ्या हातात बॅटरी. मागे पठाण, नखशिखांत भिजलेला, आणि त्याच्या तोंडातून आवाज येत नव्हता. त्या माणसाला मी पहिल्यांदाच गप्प बघत होतो. एखादा घाट अचानक सपाट झाल्यासारखं वाटलं.

अरबाब आमच्या दारात आला. जुनी अरब माणसं हिंदी झकास बोलत. "सलाम आलेकुम. लाइट कौन खराब किया?"

अध्यक्ष उठले. घसा साफ केला. "अरबाब, हमारी मीटिंग हुई है. सब का एक मत है. सख्खान का दोष है."

"मालूम," अरबाब म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मालूम!

"आप उसको पहचानते हैं?"

"क्यों नहीं पहचानेगा? हम ही लाया."

हॉलमधल्या बायका भिंतीकडे सरकल्या. अध्यक्षांनी धीर एकवटला. "वो... वॉचमन के पास रहता है ना?"

"वॉचमन के पास भी है. तुम्हारा फ्लॅट में भी है."

"हमारे फ्लॅट में? किधर?"

"बाथरूम में."

"अगं आई गं!" सासूबाई ओरडल्या. "मी आत्ता दुपारी न्हाऊन आले!"

"एक मिनट, एक मिनट," बँकवाले म्हणाले. त्यांचा आवाज पातळ झाला होता. "बाथरूम में कब से है?"

"बिल्डिंग बना तब से. ऊपर टांग के रखा है."

"टांग के!"

"चार स्क्रू मारा है. तब भी तुम लोग बोलता है हिलता है." अरबाबला आमच्या अडाणीपणाची कीव यायला लागली होती. "कितना है तुम्हारा पास? इसका घर में दो है." त्याने कंत्राटदारांकडे बोट केलं. "पूरा बिल्डिंग में चालीस है."

चाळीस! कंत्राटदारांची बायको सोफ्यावर बसली, तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं याची पर्वा न करता. मी स्वतः डगमगलो नाही. मी फक्त बाळाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

त्याच वेळी पठाणाचा बांध फुटला. "या खुदा! ये लोग सख्खान को आदमी समझता है!" आणि तो असा हसला, की मेणबत्त्या विझल्या. सगळ्या. हे मी वाढवून सांगत नाही. केकवरच्या मेणबत्त्यांचा जीव तो केवढा.

अरबाबने बॅटरी लावली, आमच्या बाथरूममध्ये शिरला, आम्ही वरातीसारखे मागे. त्याने उजेड वर मारला. "ये. सख्खान."

भिंतीवर आमचा पांढरा, गोल, निरागस गिझर. चार स्क्रूंवर.

सचिवांनी ठरावाचा कागद हळूच दुमडला, पुन्हा दुमडला, आणि एवढा बारीक केला, की शेवटी तो कानात घालून ठेवता आला असता. ज्या बाईंनी सख्खानला लंगडताना पाहिलं होतं, त्यांना घरी कुकर लावायची आठवण झाली. वीज नसल्याचं मग कुणीतरी सांगितलं.

पण अरबाब तिथे थांबला नाही. त्याने नळ सोडला. वाफ. "ये चालू था." कंत्राटदारांच्या घरी गेला, दोन्ही बाथरूमचे नळ सोडले. वाफ, वाफ. बँकवाल्यांकडे तर पाणी इतकं कढत, की अरबाबने बोट झटकून अरबीत काहीतरी म्हटलं. "चालू, चालू, चालू. वॉचमन बोला था बंद करो?"

"बोला था," पठाण छाती पुढे काढून म्हणाला. "गला फाड के बोला. पूरा शारजा सुना."

"हां, हां, बोला था, बोला था," आम्ही सगळे. आता आम्हाला न्याय फार आवडायला लागला होता. सचिव तर तोंडी का होईना, पण वॉचमनच्या अभिनंदनाचा ठराव मांडायच्या बेतात होते.

"अच्छा," अरबाब म्हणाला. "तो तुम्हारा रूम देखेगा."

पठाणाचा चेहरा उतरला. आम्ही खाली गेलो. गुडघाभर पाण्यातून. त्याच्या खोलीच्या दारात अरबाबने बॅटरी फिरवली. कोपऱ्यात एक हीटर, तीन दांड्यांचा, आमच्यापेक्षा मोठा. त्याच्या शेजारी इलेक्ट्रिक किटली. तिच्या शेजारी दुसरा हीटर, छोटा. त्यावर मोजे वाळत घातलेले, त्यांतून अजून धूर येत होता. भिंतीवर त्याचा स्वतःचा सख्खान. अरबाबने नळ सोडला. वाफ.

"हम तो ऊपर बोलने गया था," पठाण म्हणाला. "नीचे का बाद में बंद करने वाला था."

अरबाबने ओठ मिटले. बोट वर गेलं. तेच बोट, आधीच्या थंडीतलं. "सब चालू किया. लेकिन बिल्डिंग किसका हाथ में है? तुम्हारा. हम पिछला साल क्या बोला था?"

पठाण खाली बघत राहिला. त्याच्या चपलांवरून पाणी वाहत होतं. "कॅन्सल बोला था," तो म्हणाला. एवढ्या हळू, की शेजारच्या इमारतीतसुद्धा ऐकू गेलं नसेल.

आणि तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. काळी साडी एका हाताने वर धरलेली, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. तरातरा अरबाबसमोर जाऊन उभ्या राहिल्या, डब्यातून तिळाचा लाडू काढला, त्याचा हात धरून तळव्यावर ठेवला आणि मराठीतच म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

अरबाबने माझ्याकडे बघितलं.

"अम्मा बोलती है," मी म्हणालो, "आज हमारा त्योहार है. आज जो ये लेगा उसको मीठा बोलना पड़ेगा. कानून है."

"किसका कानून?"

"बहुत पुराना है," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

सासूबाई थांबल्या नाहीत. "आणि त्यांना विचारा, एवढ्या घरांना खालून वायर केवढी घातलीय? शेवयांएवढी? थंडीत गरम पाणी नाही घ्यायचं तर काय माणसांनी माती लावून बसायचं? वायरीचा खर्च वाचवायचा आणि गरिबाला घरी पाठवायचं, ही कुठली रीत?"

"क्या बोला?" अरबाब म्हणाला.

"बोलती है, आपकी बिल्डिंग बहुत सुंदर है."

माझी बायको मागून खोकली. अरबाबने लाडू नाकाजवळ नेला. "सिमसिम," तो म्हणाला. तीळ. मग त्याने सासूबाईंकडे बराच वेळ बघितलं. मला वाटतं भाषांतरातली सगळी गळती त्याला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होती. बोट खाली आलं. लाडूवर मूठ मिटली. त्याने पठाणाला खांद्याला धरून खोलीत नेलं आणि दार आतून ओढून घेतलं.

आम्ही पाण्यात उभे. आतून अरबी ऐकू येत होतं, मग काही नाही, मग पुन्हा अरबी. शेवटी अरबाब बाहेर आला, आमच्याकडे न बघता जीपमध्ये बसला आणि निघून गेला. थोड्या वेळाने त्याने पाठवलेला इलेक्ट्रिशियन आला, आणि दिवे लागले. मग आम्ही बोरन्हाण केलं. एक गिझर चालू असेल तर दुसऱ्याने बंद ठेवायचा, असं जिन्यातून ओरडून ओरडून ठरवत. पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे ओतले. पोरं तुटून पडली. माझ्या मुलाने त्या गोंधळात मुकुट एकदाचा खाऊन टाकला. सगळे एकच बोलत होते : सासूबाईंनी माणूस वाचवला. काय ती हिंमत, काय तो तिळगूळ, आणि एका मराठी सणाने अरबाचं मन कसं वितळलं. बँकवाल्यांनी सासूबाईंच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो बिनविरोध झाला, आणि त्यात तीव्र की जाहीर हा वादही निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर मी गुळपोळ्यांचं ताट घेऊन खाली गेलो. पठाण खाटेवर बसून चहा पीत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना सुख ना दुःख. ताट समोर ठेवलं आणि म्हणालो, "क्यों खानसाहेब? कॅन्सल?"

"नहीं."

"देखा?" मी छाती फुगवली. "हमारा एक लाडू, और काम हो गया. गोड खाया तो गोड बोला!"

"कौन खाया?" पठाण म्हणाला, आणि बशीतून लाडू उचलून दाखवला. अख्खा. "उसको शुगर का बीमारी है. मेरे को दे के गया."

मी लाडवाकडे बघत राहिलो. "फिर कॅन्सल क्यों नहीं किया?"

पठाणाने चहावर फुंकर मारली.

"बोला, इन लोगों के साथ दूसरा कौन रहेगा."